गॉगलची काच: रंग, मुलामा आणि दतिया गेटचं ऊन



आजचा विषय गॉगल. त्यातही फ्रेम बाजूला ठेवू, फक्त काचेबद्दल बोलू. जुने गॉगल जमवणारे लोक आता पुण्यात आहेत, इंदूर-बडोद्यात आहेत, बेळगावात आहेत. त्यांच्याशी बोलायला बसलं की बरीचशी चर्चा फ्रेमवर चालते. सोन्याचा पत्रा किती कॅरटचा, दांडीवर काय कोरलंय, नाकावरचा पूल एकेरी की दुहेरी. काच कशी आहे असं विचारलं तर उत्तर येतं, "हिरवी आहे", नाहीतर "ब्राऊन आहे". रणगाडा कसा आहे असं विचारल्यावर "हिरवा आहे" म्हणून सांगण्यापैकीच हे उत्तर.

माझं म्हणणं असं की जुन्या गॉगलची काच कुठल्या तरी ठरावीक उजेडासाठी घडवलेली असते. तिचा रंग सांगतो की तो उजेड कसला होता, आणि तिच्यावरचा मुलामा, म्हणजे कोटिंग, सांगतं की तो उजेड कुठल्या बाजूने येत होता. म्हणून दोन काचांची तुलना नाव वाचून होत नाही, त्या उजेडात धराव्या लागतात. आणि ओरखडे पडले म्हणून दुकानदाराने काच काढून नवी बसवली, की फ्रेम तेवढी हातात राहते.

मी निवृत्तीनंतर झाशीत राहतो, दतिया गेट बाहर. इथे पत्ता असाच सांगतात: दतिया गेट अंदर किंवा दतिया गेट बाहर. झाशीच्या जुन्या शहराला शिवराव भाऊ नेवाळकरांच्या काळात तटबंदी झाली. तिला खंडेराव, ओरछा, उन्नाव, सागर, सैंयर, लक्ष्मी, भांडेरी असे दरवाजे. त्यातला दतियाच्या रस्त्यावरचा हा दतिया दरवाजा. दतिया इथून जेमतेम तीस किलोमीटर. मराठी माणसाला झाशी म्हटलं की राणीसाहेब आठवतात आणि वरसईचे विष्णुभट गोडसे आठवतात, ते योग्यच आहे. पण काचेच्या विषयासाठी झाशीची दुसरी एक गोष्ट महत्त्वाची. इथलं ऊन.

बुंदेलखंडची जमीन ग्रॅनाइटची. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, आणि उजेड नुसता वरून पडत नाही, खालच्या खडकावरून आणि चुन्याच्या भिंतींवरून उलटा डोळ्यात येतो. दतिया गेटच्या आतल्या अरुंद गल्लीतून भर दुपारी बाहेरच्या मोकळ्यावर आलात की क्षणभर काही दिसत नाही. आकडा सांगतो. भर उन्हात साधारण एक लाख लक्स उजेड असतो, घरातल्या खोलीत दोन-तीनशे. एवढी उडी डोळ्याची बाहुली एकटी सांभाळू शकत नाही.

लष्करी माणूस या गोष्टीकडे जरा वेगळ्या नजरेने बघतो. ७ मे १८५८ रोजी कुंचच्या लढाईत ह्यू रोझला स्वतःला एकापेक्षा अधिक वेळा उन्हाचा झटका बसला, आणि त्याचे कितीतरी सैनिक गोळी न लागता पडले. झाशी पडून तेव्हा महिना झाला होता. सूर्य पाठीशी ठेवून हल्ला करावा हा धडा जगातल्या प्रत्येक सैन्यात शिकवतात. पण सूर्य समोर आलाच तर काय, या प्रश्नाला तेव्हा टोपीच्या झापेपलीकडे फारसं उत्तर नव्हतं.

रंगीत काच मात्र त्याच्या आधीपासून होती. १७५२ च्या सुमारास लंडनचा चष्मेवाला जेम्स आयस्कॉ निळसर-हिरवट काचा विकत होता. त्याचा उन्हाशी संबंध नव्हता. पांढऱ्या काचेतून येणारा उजेड डोळ्यांना बोचतो अशी त्याची समजूत होती. त्या काळातला रंग हा अंदाजाचा मामला.

अंदाज संपवून मोजमाप सुरू केलं ते सर विल्यम क्रूक्स यांनी. काचेच्या भट्टीवर वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांना मोतीबिंदू लवकर होतो, त्यावर उपाय शोधायला रॉयल सोसायटीने समिती नेमली होती. क्रूक्स यांनी काचेच्या रसात निरनिराळी धातुद्रव्यं घालून तीनशेच्या वर नमुने वितळवले आणि प्रत्येक नमुना कुठला प्रकाश अडवतो हे तपासलं. १९१४ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. सेरियम या धातूने अतिनील किरण अडतात आणि काच जवळजवळ रंगहीन राहते, हा त्यातला मोठा शोध. डोळ्याला अपाय करणारा प्रकाश आणि डोळ्याला दिसणारा प्रकाश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक अडवायला दुसरा अडवावाच लागतो असं नाही, हे त्यातून पक्कं झालं. जुन्या चष्मेवाल्यांच्या चिठ्ठ्यांवर 'क्रूक्स ए', 'क्रूक्स बी' असं लिहिलेलं सापडतं ते यांचंच नाव. ए म्हणजे फिकट, बी म्हणजे धुरकट, गडद.

आता हा रंग काचेत येतो कसा? आपल्या महाराष्ट्रातल्या वाचकांना तळेगावचा पैसा फंड काच कारखाना माहीत असेल, १९०८ चा. ओगलेवाडीचे कंदील तर घरोघर होते. काच बनवणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा, तो सांगेल की वाळूत लोह असतं आणि काच हिरवट होते. ते घालवायलाच त्याची निम्मी मेहनत जाते. गॉगलची काच करणाऱ्याने तेच लोह मुद्दाम घातलं. लोहाचं एक रूप लाल आणि त्याच्या पलीकडचे उष्ण, अवरक्त किरण शोषतं, दुसरं रूप अतिनील शोषतं. म्हणजे एका स्वस्त धातूत दोन्ही टोकांचा बंदोबस्त, आणि मधला हिरवा, जो माणसाच्या डोळ्याला सगळ्यात चांगला दिसतो, तो मोकळा. अमेरिकन ऑप्टिकल कंपनीची कॅलोबार काच आणि बॉश अँड लॉम्बची पुढे आरबी-३ या नावाने ओळखली गेलेली काच, दोन्ही हिरव्या आहेत त्याचं कारण हे. फॅशन मागाहून आली.

बॉश अँड लॉम्ब ही १८५३ साली न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला सुरू झालेली कंपनी. ती वैमानिकांच्या गॉगलकडे कशी वळली ती गोष्ट ऐकण्यासारखी आहे. २७ फेब्रुवारी १९२० रोजी मेजर श्रोडर नावाचा अमेरिकन वैमानिक उंचीचा विक्रम करायला तेहतीस हजार फुटांवर गेला. ऑक्सिजन संपत आला, गॉगलवर बर्फ साचलं, काही दिसेना म्हणून त्याने गॉगल वर सरकवला. त्या थंडीत त्याचे डोळे गोठले. विमान सरळ खाली कोसळत आलं आणि तो जवळजवळ आंधळ्याने उतरला. त्याला विमानातून बाहेर काढणाऱ्यांत त्याचा सहकारी लेफ्टनंट जॉन मॅक्रेडी होता. पुढच्याच वर्षी मॅक्रेडीने स्वतः विक्रम मोडला. ढगांच्या वरचा उजेड काय असतो हे त्याने दोन्ही प्रकारे पाहिलं होतं. वैमानिकाला उजेड अडवणारी पण आकाश दाखवणारी काच हवी, हे काम तो बॉश अँड लॉम्बकडे घेऊन गेला. १९३६ मध्ये पहिला नमुना निघाला, १९३७ मध्ये रे-बॅन हे नाव नोंदवलं गेलं. पहिली फ्रेम प्लॅस्टिकची होती, धातूची वर्षभराने आली. पण काच पहिल्यापासून हिरवी, आणि आकार थेंबासारखा. वैमानिक वर आकाशाकडे कमी आणि खाली घड्याळांकडे जास्त बघतो, म्हणून काच खाली झुकलेली. ज्याला आपण हिरोचा गॉगल म्हणतो तो मुळात तक्ते वाचणाऱ्या माणसाचा आहे.

आणि इथूनच मुलाम्याचा प्रश्न आला. वर आकाश लखलखीत, खाली कॉकपिटमध्ये सावली. काच गडद केली तर काटे दिसत नाहीत, फिकट केली तर आकाश सोसत नाही. रसात रंग घालून ही अडचण सुटत नाही, कारण रंग सगळ्या काचेत सारखा पसरतो. १९३० च्या दशकात दुर्बिणींच्या आरशांवर निर्वात पेटीत धातूची वाफ बसवण्याचं तंत्र तयार झालं होतं. पेटीतली हवा काढायची, धातू तापवून त्याची वाफ करायची, ती थंड काचेवर जाऊन बसते. थर इतका पातळ की त्याच्या आरपार दिसतं. १९४० च्या दशकात हेच गॉगलवर आलं. काचेचा वरचा भाग वाफेसमोर उघडा, खालचा आडोशाला. त्यामुळे वर आरसा, खाली येता येता विरळ, आणि बुडाशी काहीच नाही. याला ग्रेडियंट मिरर म्हणतात. बर्फावर आणि पाण्यावर उजेड खालूनही येतो, म्हणून पुढे दुहेरी प्रकार निघाला: वर आरसा, खाली आरसा, मध्ये मोकळा पट्टा. म्हणजे मुलामा कुठे आहे हे बघून तुम्ही सांगू शकता की हा गॉगल कुणासाठी केला होता. जमिनीवर चालणाऱ्या माणसाला दुहेरी आरशाचं तसं काम नाही, पण झाशीच्या खडकाळ माळावर मी तो घालून बघितला आणि मला तो एकेरीपेक्षा सुखाचा वाटला. दगड बर्फाइतका चमकत नाही, तरी चमकतो.

थोडं विषयांतर करतो. एव्हरेस्टवर १९२४ साली लेफ्टनंट कर्नल नॉर्टन ४ जून रोजी ऑक्सिजनशिवाय ८,५७३ मीटरपर्यंत चढले. तोफखान्याचे अधिकारी, शिस्तीचा माणूस. उघड्या खडकावर बर्फ नाही, मग चमक कसली, म्हणून त्यांनी गॉगल काढून ठेवला. त्या रात्री डोळे गेले आणि दोन दिवसांहून अधिक काळ दिसेना. खडकावर डोळ्याला चमक वाटली नव्हती, पण त्या उंचीवर अतिनील किरण भरपूर होते, आणि ते दिसत नाहीत. त्याच मोहिमेतल्या मॅलरीचा देह १९९९ मध्ये सापडला तेव्हा गॉगल त्याच्या खिशात होता. त्यावरून तो अंधार पडल्यावर उतरत असावा असा तर्क करतात. गॉगल कपाळावर आहे, डोळ्यावर आहे की खिशात, एवढ्यावरही इतिहास लिहिला जातो.

बरं, पुन्हा रंगाकडे येऊ. हिरव्या काचेची एक अडचण होती. ती रंग थोडे हलवते. जग जरा हिरवट दिसतं. सिग्नलचा दिवा, नकाशावरची रेघ, धुराच्या नळकांड्याचा रंग ओळखायचा असेल तर हे परवडत नाही. १९५३ मध्ये बॉश अँड लॉम्बने जी-१५ काढली. नावातला १५ म्हणजे दिसणाऱ्या प्रकाशापैकी १५ टक्के आत येतो, बाकी अडतो. जी म्हणजे ग्रे की ग्रीन यावर संग्राहक अजून भांडतात, आणि काच हातात घेतली की भांडणाचं कारण कळतं: पांढऱ्या कागदावर ठेवली तर करडी, आकाशाकडे धरली तर हिरवट. सगळे रंग सारख्या प्रमाणात कमी करायचे, पण डोळ्याला ज्या हिरव्याची सवय आहे त्याला किंचित झुकतं माप द्यायचं, अशी ती रचना आहे. माझ्या मते आजवरच्या सगळ्या रंगांत हा सर्वांत शहाणा रंग. १९५८ पासून अमेरिकन हवाई दलाला जे सरकारी गॉगल दिले गेले त्यातही उदासीन करडाच रंग निवडला होता.

याच्या उलट पिवळी काच, कॅलिक्रोम नावाची. नेमबाजांसाठी. धुकट हवेत निळा प्रकाश जास्त विखुरतो आणि लांबचं चित्र पुसट होतं. पिवळी काच तो निळा कापते आणि कडा धारदार दिसतात. सकाळी बबिन्याच्या रेंजवर धुरळ्यातून लक्ष्य शोधणाऱ्याला ती वरदान आहे, दुपारी बारा वाजता निरुपयोगी. पिवळी काच आणि जी-१५ शेजारी ठेवून 'कुठली चांगली' असं विचारणारे भेटतात. किती वाजता, हे आधी सांगा, मग उत्तर देतो.

पोलरॉइडबद्दल चार शब्द. एडविन लँडने १९२९ मध्ये त्या फिल्मच्या पेटंटसाठी अर्ज केला, आणि पाण्यावरची, ओल्या डांबरी रस्त्यावरची आडवी चमक मारायला तिच्याइतकं दुसरं काही नाही. पण रणगाड्यात आणि विमानात ती त्रासदायक. ताण दिलेल्या जाड काचेतून पोलरॉइड लावून पाहिलं की ठिपके आणि पट्टे उमटतात, उपकरणांचे पडदे काळे पडतात. संग्राहकाने ओळखायचं असेल तर सोपं आहे: मोबाइलच्या पडद्यासमोर गॉगल धरून फिरवा, पडदा अंधारला तर पोलरॉइड.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या एका काकूंनी मला बोलावलं. त्यांचं घर दतिया गेट अंदर, पिढ्यान् पिढ्या झाशीतलं मराठी कुटुंब. बोलताना अर्ध्या वाक्यात बुंदेली येते. यजमान जाऊन काही वर्षं झालेली. नातवाला आजोबांचा गॉगल वापरायचा होता, आणि बाजारातल्या एका चष्मेवाल्याने सांगितलं होतं, काचा खराब झाल्यात, पिवळ्या पडल्यात, काढून नव्या प्लॅस्टिकच्या बसवू, हलक्या आणि काळ्याभोर.

"कर्नलसाहेब, तुम्हाला यातलं कळतं म्हणतात. देऊ का बदलून?" काकूंनी विचारलं.

"काकू, आधी बघू तरी द्या."

पेटीत दोन चष्मे होते. एक त्यांच्या सासऱ्यांचा, रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते ते. गोल फ्रेम, काच फिकट धुरकट, आणि खोक्यात घडी केलेली चिठ्ठी, तिच्यावर पेन्सिलीने 'क्रूक्स'. भट्टीवाल्यांसाठी शोधलेली काच भट्टीसमोर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या नाकावर! त्या काचेत दुसरीही गोष्ट दिसत होती. त्यांना लांबचा नंबर होता. नंबरची काच मधे पातळ, कडेला जाड. रसातच रंग असला की मधे फिकट आणि कडेला गडद दिसते. कागदावर ठेवल्यावर मधोमध उजळ ठिपका आणि भोवती काळपट कडं उमटलं. नुसता रंगाचा थर वरून दिलेला असता तर सगळीकडे एकसारखा असता. म्हणजे त्यांचा रंगही त्या काचेत होता आणि नंबरही.

दुसरा यजमानांचा. ते पाटबंधारे खात्यात, राजघाट धरणावर ओव्हरसियर होते. कुवेतला असलेल्या चुलतभावाने आणून दिलेला गॉगल. काच मधासारखी पिवळी. चष्मेवाल्याला ती जुनी होऊन पिवळी पडलेली वाटली. मी बिजागरीजवळची कड भिंगाखाली धरली, तर बी आणि एल ही दोन बारीक अक्षरं. मग शेजारच्या किराणा दुकानात गेलो. तिथे खोट्या नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो. त्याच्याखाली काच धरली आणि अर्ध्या मिनिटात ती तपकिरी व्हायला लागली. दुकानदार गिऱ्हाईक सोडून बघत राहिला.

ती अँबरमॅटिक होती, बॉश अँड लॉम्बने १९७८ मध्ये काढलेली. उजेडानुसार रंग बदलणारी काच १९६० च्या दशकात अमेरिकेच्या कॉर्निंग कंपनीत आर्मिस्टेड आणि स्टुकी यांनी शोधली. काचेत चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म कण असतात. अतिनील किरण पडले की त्यातली चांदी मोकळी होते आणि काच काळवंडते. उजेड गेला की पुन्हा जुळते. फोटोच्या फिल्मसारखंच, फक्त इथे चित्र पुसलं जातं. अँबरमॅटिकने त्यावर कडी केली. ढगाळ हवेत ती पिवळी, म्हणजे नेमबाजाची काच. उबदार उन्हात तपकिरी. थंड उन्हात गडद करडी. एका गॉगलमध्ये तीन.

यात एक गंमत आहे, आणि ती उत्तरेत राहणाऱ्याने लक्षात ठेवावी. उष्णतेने चांदीची परत जुळण्याची क्रिया वेगाने होते. म्हणजे जितकं गरम, तितकी काच कमी काळवंडते. काश्मीरमध्ये जानेवारीच्या उन्हात जी काच काळीकुट्ट होते, तीच झाशीच्या मे महिन्यात अर्धवट तपकिरी होऊन थांबते. जिथे ऊन सगळ्यात जास्त, तिथे ती कमी काम करते! शिवाय मोटारीची समोरची काच अतिनील अडवते, त्यामुळे गाडी चालवताना ती जवळपास पिवळीच राहते. लोक म्हणतात काच 'मेली'. मेलेली नसते, तिला जे हवं ते मिळत नसतं.

काकूंना हे सगळं सांगितलं. त्यांनी काच खिडकीकडे धरून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हणजे ह्यांना धरणावर सगळं असं तपकिरी दिसायचं?"

"दुपारी तपकिरी, काकू. सकाळी धुक्यात पिवळं."

"मला कधी बोलले नाहीत."

काचा बदलल्या नाहीत. ओरखडे होते, पण कडेला.

ओरखड्यांचा विषय निघाला आहे तर सांगतो. झाशीची धूळ ही मुख्यतः ग्रॅनाइटची, आणि ग्रॅनाइटमधला क्वार्ट्झ काचेपेक्षा कठीण असतो. कोरड्या रुमालाने गॉगल पुसणं म्हणजे सँडपेपर फिरवणं. आधी पाण्याखाली धरा, मग पुसा. कोकणातल्या संग्राहकाची तक्रार वेगळी असते: खारी हवा काचेला काही करत नाही, पण नाकाच्या आधारावर हिरवा जंग चढतो आणि तो काचेच्या खाचेत उतरतो. आरशाचा मुलामा असलेली काच तर टूथपेस्ट, भांड्याची पावडर, रांगोळी असल्या घरगुती उपायांपासून दूरच ठेवा. तो थर केसाच्या जाडीच्या शेकडो पटींनी पातळ असतो. अनेक जुन्या गॉगलवर वरच्या बाजूला टक्कल पडल्यासारखे डाग दिसतात, ते याचेच. विकणारा त्याला 'ग्रेडियंट' म्हणून खपवतो. खरा ग्रेडियंट सरळ आडव्या रेषेत विरळ होत जातो आणि दोन्ही काचांवर सारखाच उतरतो. तिरका धरून दोन्ही काचा एकाच वेळी पाहिल्या की फसवणूक उघडी पडते.

आपल्याकडे या काचा आल्या कशा, तेही बघू. माझ्या उमेदीच्या काळात असा गॉगल म्हणजे आखातातून आलेल्या नातेवाइकाची भेट, नाहीतर मुंबईच्या फुटपाथवरचा 'फॉरेनचा माल', ज्यातला किती फॉरेनचा आणि किती उल्हासनगरचा हे देव जाणे. १९९० च्या दशकात बॉश अँड लॉम्बचा कारखाना राजस्थानात भिवाडीला आला आणि रे-बॅन दुकानात राजरोस मिळू लागला. १९९९ मध्ये कंपनीने हा धंदा इटलीच्या लक्झोटिकाला ६४ कोटी डॉलरना विकला. संग्राहकांच्या दृष्टीने ही सीमारेषा आहे. आधीच्या काचेच्या कडेला बी-एल, नंतरच्या काचेला आर-बी. फ्रेम १९७० ची आणि काचेवर आर-बी असेल, तर मधे कुणीतरी काच बदलली आहे, विकणारा काहीही सांगो. काचेच्या कोपऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत ठळक नाव असेल तर ते १९८० च्या दशकानंतरचं. त्यापूर्वीच्या काचेवर समोरून काहीच लिहिलेलं नसतं.

नव्या काचा वाईट आहेत असं मी म्हणत नाही. प्लॅस्टिकची काच हलकी, फुटत नाही, आणि चांगल्या कंपनीची असेल तर अतिनीलही पूर्ण अडवते. रस्त्यावरची, नुसता काळा रंग दिलेली, ती मात्र घातक: अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि न अडवलेले अतिनील किरण जास्त आत जातात. नातवंडांना उन्हात घालायला नवा, प्रमाणित गॉगलच घेऊन द्या. जुना कपाटात ठेवा, पण त्याच्या काचेसकट.

लोक मला विचारतात की १९४४ च्या ऑक्टोबरात फिलिपिन्सच्या लेयटे बेटावर पाण्यातून चालत येणाऱ्या जनरल मॅकआर्थरच्या डोळ्यांवर कुठल्या कंपनीचा गॉगल होता. यावर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. फोटो कृष्णधवल आहे. फ्रेमवर हवं तितकं भांडा, काचेचा रंग त्या फोटोतून कुणालाच दिसणार नाही. म्हणून हातात असलेली काच महत्त्वाची.

तुलना करायची असेल तर माझी पद्धत सांगतो, खर्च काही नाही. सकाळी दहाच्या सुमारास सावलीत बसायचं, पण वर आकाश मोकळं हवं. पांढरा कोरा कागद, त्यावर काचा शेजारी शेजारी. आधी कागदावरचा रंग लिहा. मग आकाशाकडे धरून. मग घराच्या कौलाकडे, लाल कसा दिसतो बघा, आणि झाडाकडे. लाल तपकिरी दिसला तर काच लाल खाते आहे. नंतर काच तिरकी करून वरचा मुलामा बघा, निळसर आहे की चंदेरी. शेवटी फ्रीजमध्ये दहा मिनिटं ठेवून उन्हात न्या. रंग बदलणारी असेल तर तिथे कळतं. हे सगळं वहीत तारीख, वेळ आणि हवा यांसकट लिहून ठेवा. वेळ न लिहिलेली नोंद या विषयात उपयोगाची नाही.

काकूंच्या गॉगलची नोंद माझ्या वहीत अशी आहे: २ जून, दुपारी साडेबारा, दतिया गेट अंदर, अंगण, आकाश निरभ्र, कडक ऊन. रंग तपकिरी, पूर्ण गडद नाही. ढगाळ सकाळी पिवळा, तोही लिहिला आहे. करड्याची जागा रिकामी आहे. त्यासाठी जानेवारीतली धुकं विरल्यानंतरची थंड, उन्हाची सकाळ लागेल. नातवाला सांगून ठेवलं आहे की त्या दिवशी शाळेला उशीर झाला तरी चालेल.